ताईंचं कांडप, महाल: परदेशात मसाला नेणाऱ्यांनी इथे जरूर जावं

नागपुरात चितार ओळ चौकाच्या मेट्रो स्टेशनवर उतरून महाल भागाच्या बाजूला चालत निघालं की एका गल्लीच्या तोंडाशीच ठसका लागतो. तिथेच हे कांडप आहे. दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर ‘मिरची, हळद, मसाला कांडून मिळेल’ एवढंच लिहिलंय आणि आजूबाजूचे सगळे त्याला ‘ताईंचं कांडप’ म्हणतात. मी आणि माझा नवरा जर्मनीत कार्ल्सरूहला राहतो. आमच्या घरी वर्षभर लागणारं तिखट, हळद आणि काळा मसाला इथून जातो. जे बाहेरदेशी राहतात किंवा ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत, त्यांना या जागेबद्दल नीट सांगावं म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे इथे तयार मसाला विकायला ठेवलेला नाही. तुम्ही तुमचं सामान आणायचं, ताई ते निवडून, भाजून, कांडून देणार. सामान कुठून आणायचं हेही त्या सांगतात: इतवारीत मस्कासाथला जा, खडा मसाला तिथे घ्या, धने हातात चोळून बघा, खोबऱ्याची वाटी फोडून वास घेतल्याशिवाय घेऊ नका. ज्यांना हिंडायला वेळ नाही त्यांच्यासाठी त्या स्वतः सामान मागवतात आणि दुकानदाराची चिठ्ठी जशीच्या तशी हातात देतात. त्यावर स्वतःचे पैसे चढवत नाहीत. नुसतं तिखट कांडायचं तर किलोला साठ रुपये, मसाला भाजून कांडायचा तर एकशेवीस. मला हा दर कमीच वाटतो, कारण काम डोळ्यांनी बघितलंय.

मिरचीपासून सांगते. आमच्याकडे भिवापुरी मिरचीचंच तिखट लागतं. भिवापूर नागपूर जिल्ह्यातलाच तालुका, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण बाजारात भिवापुरी म्हणून काहीही खपवतात. ताई पोत्यात हात घालून दोन-चार मिरच्या काढतात, देठ मोडतात, साल उजेडात धरून बघतात. ओल असली तर सरळ परत पाठवतात. ‘बाई, हे आज कांडलं तर पंधरा दिवसांत गोळे होतील, उद्या ऊन दाखवून आणा,’ असं म्हणून त्यांनी माझ्या समोर एका काकूंना परत पाठवलं होतं. हातची गिऱ्हाईक सोडायला तयार असलेला माणूस मला विश्वासाचा वाटतो.

देठ काढायला दोन बायका बसलेल्या असतात. तोंडाला ओढणी, हाताला खोबरेल तेल. देठ राहिले की तिखटाचा रंग फिका पडतो आणि चवीला कडवटपणा येतो, म्हणून हे काम त्या घाईत करत नाहीत. मग मिरची कांडप यंत्रात पडते. लोखंडी मुसळं वरखाली होत राहतात, खाली दगडी उखळ. पिठाच्या गिरणीसारख्या वेगाने फिरणाऱ्या चक्कीत तिखट हाताला चटका बसेल इतकं गरम होतं आणि त्या उष्णतेत मिरचीतलं सुवासाचं तेल उडून जातं. कांडताना ते इतकं तापत नाही. वेळ चौपट लागतो, पण बारा महिन्यांनी डबा उघडला तरी वास असतो. हे मी कार्ल्सरूहच्या स्वयंपाकघरात अनुभवलंय, म्हणून ठामपणे लिहितेय.

आता मसाला. या जागेचं खरं मोल इथे आहे.

ताईंकडे लाल कापडी पुठ्ठ्याची खातेवही आहे. प्रत्येक घराचं एक पान. वर नाव लिहिलेलं नसतं, खूण असते: ‘गणेशपेठ, दोन मजली’, ‘मास्तरीण बाई’, ‘सक्करदरा, जाऊबाई-जाऊबाई’. आमच्या पानावर ‘जर्मनीवाली मुलगी’ असं लिहिलंय. खाली आईचं प्रमाण: धने एक किलो, खोबरं पाव, तीळ पाव, खसखस शंभर ग्रॅम, जिरं शंभर, दगडफूल पन्नास, दालचिनी पन्नास, शहाजिरं, मसाला वेलची आणि तेजपान पंचवीस-पंचवीस, बाद्यान वीस, जायपत्री दहा, सुंठेचे दोन तुकडे, चार हळकुंडं, हिंगाचा खडा. समासात बारीक अक्षरात: ‘लवंग कमी, जावयांना पित्त.’

हे आकडे आईने कधीच सांगितले नव्हते, कारण तिला ते माहीत नव्हते. तिचं सगळं मुठीवर. मनगटं दुखायला लागल्यापासून घरी कांडणं बंद झालं आणि आईला घेऊन मी पहिल्यांदा इथे आले, तेव्हा ताईंनी तिला विचारलं, ‘काकू, धने किती?’ आई म्हणाली, ‘टाकायचे हिशेबाने.’ दगडफूल किती? ‘एक मूठ, पण भरून नाही.’ ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी सगळे डबे आईपुढे मांडले, तराजूच्या पारड्यात स्टीलची ताटली ठेवली आणि म्हणाल्या, ‘तुम्ही टाका, मी लिहिते.’ आई एकेक मूठ टाकत गेली, ताई वजन लिहीत गेल्या. दगडफुलाची ती न भरलेली मूठ पन्नास ग्रॅम निघाली. जायपत्री आई चिमटीने घेते, ती दहा. दालचिनीच्या वेळी आईने अर्धी काडी परत काढून ठेवली, तीही ताईंनी वजा केली. अख्खी सकाळ गेली त्यात. बाहेर रांग लागली होती आणि रांगेतल्या बायका कुरकुर न करता आईची मूठ बघत उभ्या होत्या.

आमच्या घराचा मसाला असा कागदावर आला. आज मी कार्ल्सरूहहून फोन करून ‘आमचं पान’ म्हटलं की काम होतं. बाहेर राहणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती, मला सांगता येणार नाही.

भाजण्याचा क्रम बघण्यासारखा आहे. मोठी लोखंडी कढई, आच मंद. आधी धने, मग जिरं-शहाजिरं. खडा मसाला थेंबभर तेलावर, एकेक जिन्नस वेगळा. दगडफूल नुसतं दाखवल्यासारखं, कारण ते क्षणात जळतं आणि जळलं की अख्खा घाणा कडू. हळकुंडं आणि हिंग तळून. तीळ, खोबरं शेवटी. ताई घड्याळ बघत नाहीत, कढईच्या आवाजाकडे कान असतो. तीळ तडतडायचे थांबले की उतरवतात. सगळं सुपात पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय कांडायला घेत नाहीत. गरम कांडलं की वाफ धरते आणि मसाला लवकर खराब होतो.

आणि मग त्या जो प्रश्न विचारतात तो मला इतर कुठल्याही दुकानात कोणी विचारलेला नाही: ‘कुठून जाऊन राहिले तुम्ही? दुबईवरून का?’

याचं कारण खसखस. संयुक्त अरब अमिरातीत, सौदी अरेबियात आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे. आपल्याकडे अनारशाला लावतो ती खसखस तिकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. मसाल्यात कांडलेली असली तरी ती खसखसच. नागपूरहून युरोपात जाणारे बरेच जण आखातातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलतात. तिथे फक्त दोन तास बसायचं असलं तरी हा धोका घेऊ नये, असं ताईंचं म्हणणं आहे आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. त्यांच्याकडे मसाला कांडून दुबईला नोकरीला गेलेल्या एका मुलाने त्यांना हे पहिल्यांदा सांगितलं. तेव्हापासून त्यांनी विचारायचा नेमच केलाय.

त्यांचा दुसरा सल्ला खोबऱ्याचा. खोबरं आणि तीळ तेलकट, मसाल्यात आधी तेच खवट होतात. इथे नागपुरात दोन-तीन महिन्यांत मसाला संपतो तेव्हा चालून जातं. वर्षभर ठेवायचा असेल तर ताई कोरडा मसाला वेगळा कांडून देतात, त्यात खोबरं, तीळ आणि खसखस नाही. या तीन गोष्टी तिकडे घ्यायच्या आणि लागेल तसं थोडंथोडं भाजून, वाटून मिसळायचं. आम्ही तसंच करतो. कार्ल्सरूहला कुठल्याही किराणा दुकानात खसखस मिळते, जर्मन लोक ती केकात आणि पावावर भरपूर घालतात. ती निळसर काळी असते, आपल्यासारखी पांढरी नाही. रस्सा थोडा गडद होतो, चवीत फरक पडत नाही.

युरोपात काय नेता येतं याबद्दलही सांगते, कारण ताईंच्या दारातच मला बायका विचारत असतात. कोरडे, दळलेले मसाले घरच्या वापरापुरते न्यायला अडचण येत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ नाहीत, म्हणजे घरचं साजूक तूप राहू द्या. मांस नाही. मासे, सुकट मात्र घरच्या वापरापुरते नेता येतात. ताजी फळं आणि पानं रोपांच्या तपासणीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. सूट आहे ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. आपली संत्री आणि कढीपत्ता त्यात बसत नाहीत. मसाला चेक-इन बॅगेत टाका. पार्सलने पाठवायचा असेल तर घरच्यांकडून घरच्यांना भेट म्हणून पाठवलेल्या पंचेचाळीस युरोंपर्यंतच्या वस्तूंवर जर्मनीत जकात लागत नाही, पण आत काय आहे आणि किती रुपयांचं आहे हे पाकिटावर स्पष्ट लिहायला हवं. एका कुरिअरवाल्याने आमच्या डब्यावर नुसतं ‘फूड’ लिहिलं होतं. ते पार्सल जकात कार्यालयात अडकलं, नवऱ्याला सुट्टी काढून बिल घेऊन जावं लागलं. तेव्हापासून मी स्वतः नेते.

तिकडेच भाजून का घेत नाही, असं विचारतील लोक. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, झोपायच्या खोल्यांत आणि त्यांच्याकडून बाहेर पडायच्या वाटेवर धुराचा इशारा देणारं यंत्र लावणं कायद्याने सक्तीचं आहे. आमचं स्वयंपाकघर आणि ती वाट यांच्यात दार नाही. मूठभर तीळ-खोबरं खिडकी उघडून भाजून होतं, पण मिरची नाही आणि किलोभर धनेही नाहीत. रविवारी तर मिक्सर लावायचीही पंचाईत. शांततेचा दिवस असतो आणि भिंती पातळ आहेत. आठवडाभर दोघं नोकरीवर, शनिवार बाजारहाटात जातो. म्हणून आमच्यासाठी हे कांडप चैन नाही, गरज आहे.

तिकडच्या भारतीय दुकानात पाकिटं मिळतात, सगळ्या प्रकारची मिळतात. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, अडीअडचणीला वापरलीही आहेत. पण पाकिटातला मसाला कुणाच्याच घरचा नसतो. माझा नवरा कोल्हापूरचा. त्याच्या घरी कांदा-लसूण चटणी, आमच्याकडे काळा मसाला, आणि लग्नानंतर आमच्या जेवणात दोघांनाही आपापलं घर हवं होतं. पहिल्यांदा या मसाल्यात पाटवडीचा रस्सा केला तेव्हा तो काही बोलला नाही, दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. आता शुक्रवारी संध्याकाळी तोच विचारतो, ‘आज नागपूर का?’

या मसाल्याची खरी परीक्षा प्रवासात झाली. कार्ल्सरूहची एक गंमत म्हणजे तिथली ट्राम शहरातल्या रस्त्यावरून निघते आणि पुढे रेल्वेच्या रुळांवर चढते. घराजवळ बसायचं आणि मुर्ग नदीच्या खोऱ्यातून, ब्लॅक फॉरेस्टमधून थेट फ्रॉयडनश्टाटला उतरायचं. देशभरच्या लोकल गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट 2023 साली 49 युरोंना सुरू झालं, 2026 पासून ते 63 युरोंचं आहे. त्यामुळे आम्ही शनिवार-रविवारी खूप हिंडतो. हॉटेलात न राहता स्वयंपाकघर असलेली खोली घेतो. पाठीवरच्या पिशवीत आईने दिलेली पितळी डबी असते, फिरकीच्या झाकणाची, तिच्यात मसाला.

मागच्या पानगळीत अशाच एका खेड्यात पोचलो तेव्हा शनिवारची रात्र होती. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दुकानं बंद. जर्मनीत रविवारी किराणा उघडा नसतो, स्टेशनावरचं एखादं दुकान सोडलं तर. बाहेर पाऊस. खोलीच्या मालकीणबाईंनी अंडी आणि बटाटे दिले, कांदे आमच्याकडे होते. त्या विजेच्या शेगडीवर, पातळ बुडाच्या भांड्यात मी अंड्याचा रस्सा केला. तेल तापल्यावर दोन चमचे मसाला, तो फुलला की कांदा, पाणी. वाटण नाही, खोबरं नाही, काही नाही. वर तर्री आली, लालभडक, कडेने काळपट. सावजी खानावळीतल्या रश्शाशी मी त्याची तुलना करणार नाही, ते हातच वेगळे. पण मसाला एकट्याच्या जोरावर उभा राहिला. नवऱ्याने पाव बुडवून खाल्ला आणि मालकीणबाईंना वाटीभर नेऊन दिला. सकाळी त्यांनी वाटी धुऊन परत केली आणि मसाल्याचं नाव कागदावर लिहून मागितलं.

रोजच्या जेवणातही तसंच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी अख्ख्या मसुराची उसळ कणकेच्या जाड शेवयांसारख्या तुकड्यांबरोबर करतात, तो तिकडचा घरगुती पदार्थ. त्या आम्हाला नेहमी डबाभर देतात. मी त्यात अर्धा चमचा मसाला घालून पुन्हा उकळते. हळद वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची, तीही ताईंनीच कांडलेली. साध्या वरणाला तिच्याने जो रंग येतो तो तिकडच्या पाकिटातल्या हळदीने येत नाही.

आता तक्रारी. मार्च ते मे इथे भयंकर गर्दी असते. आम्ही ईस्टरच्या सुट्टीला जोडून येतो, म्हणजे नेमके हंगामात. सकाळी आठला गेलं तरी पुढे दहा-बारा पिशव्या लागलेल्या असतात. बसायला एक बाकडं, तेही उन्हात. वयस्कर माणसाला तिथे थांबवू नका, पिशवी ठेवून चिठ्ठी घ्या आणि संध्याकाळी या. दुपारी एक ते चार बंद. वीज गेली तर काम थांबतं, मग दुसऱ्या दिवसाचा वायदा. जायच्या आदल्या दिवशी सामान टाकणाऱ्यांची इथे फार तारांबळ होते, निदान चार-पाच दिवस हातात ठेवा.

पॅकिंगमध्ये मात्र ताईंनी सुधारणा करायलाच हवी. त्या साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत मसाला भरतात आणि मेणबत्तीवर तोंड बंद करतात. घरी न्यायला ठीक आहे, विमानाच्या बॅगेत ती फुटणारच. मी त्यांना हे दोनदा सांगितलंय. त्या म्हणतात, जाड पिशव्या घेऊन ठेवल्या तर पैसे वाढवावे लागतील आणि रोजच्या बायकांना ते परवडायचं नाही. त्यांची अडचण पटते, पण ज्यांना हव्यात त्यांच्यापुरत्या वेगळ्या पैशांनी ठेवाव्यात असं माझं अजूनही मत आहे. तोपर्यंत झिपच्या जाड पिशव्या घरून न्या, एकात एक अशा दोन. भरण्याआधी मसाला रात्रभर ताटात पसरून ठेवा. तिकडे पोचल्यावर अर्धा काचेच्या बरणीत, अर्धा फ्रीजरमध्ये. बरणीत हिंगाचा खडा टाका.

पार्किंग नाही, गल्लीत चारचाकी शिरत नाही. मेट्रोने जाणंच बरं, ॲक्वा मार्गिकेवर आहे. पैसे मोबाइलवरून देता येतात. लहान मुलांना आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना अजिबात नेऊ नका, आत मिरचीची धूळ असते. ताई स्वतः दिवसभर त्या धुळीत असतात, त्यांनाही मी चांगला मास्क वापरायला सांगितलाय, तिकडून आणूनही दिलाय. या खेपेला तो त्यांच्या तोंडावर होता.

पहिल्यांदा जाणार असाल तर घरातल्या ज्या बाईच्या हातचा मसाला तुम्हाला हवाय तिला बरोबर न्या आणि हंगाम सोडून जा, दिवाळीनंतर किंवा पौषात. तेव्हा ताईंना वेळ असतो, ताटली-तराजू घेऊन बसता येतं. एकदा पान लिहिलं गेलं की पुढच्या वेळी फोन पुरतो. मग फक्त दोनच गोष्टी सांगायच्या: किती किलो, आणि विमान कुठून जाणार.